उणे साडेबाराशे रुपये पंचाहत्तर पैसे डिस्कवर कसे बसतात?

पाचोऱ्याचा एक मुलगा एका पतसंस्थेच्या सॉफ्टवेअरवर काम करतो. त्याने विचारलंय: "दादा, मायएसक्यूएलच्या टेबलात 'बाकी' नावाचा डेसिमल(१०,२) कॉलम आहे. त्यात १२५०.७५ टाकले आणि टेबलाची फाइल हेक्स एडिटरमध्ये (फाइलचे कच्चे बाइट दाखवतो तो) उघडून बघितली. मग −१२५०.७५ टाकून बघितलं. दोन्ही वेळेस पाचच बाइट. पण उणे आकड्याचे बाइट टूज कॉम्प्लिमेंटशी, म्हणजे पूर्णांकात उणे लिहायच्या नेहमीच्या पद्धतीशी, जुळत नाहीत. मग उणे चिन्ह ठेवलंय कुठे? आणि रूममेट म्हणतो, हे सगळं सोड, रकमेचे पैसे कर आणि पूर्णांकात ठेव. त्याचं ऐकू का?"

मी जळगावात गेली वीसेक वर्षं सराफ, जिनिंग, केळीचे व्यापारी आणि पतसंस्था यांच्या हिशोबाची सॉफ्टवेअरं लिहितोय. उणे बाकी आमच्याकडे रोजची. केळीच्या पट्टीतून उचल, मजुरी, वाहतूक वजा केली की एखाद्या शेतकऱ्याच्या नावावर येण्याऐवजी देणंच निघतं. त्यामुळे या प्रश्नाशी माझी जुनी ओळख आहे. तू फाइल उघडून बघितलीस हे फार बरं केलंस. बहुतेक जण कॉलमचा प्रकार लिहून मोकळे होतात.

तू पाठवलेले हेक्स बाइट मी साध्या आकड्यांत लिहितो, डोळ्याला सोपं जाईल:

१२५०.७५ → १२८, ०, ४, २२६, ७५
−१२५०.७५ → १२७, २५५, २५१, २९, १८०

आता वरच्या आणि खालच्या बाइटांच्या जोड्या लाव आणि बेरीज कर. १२८ आणि १२७, २५५. शून्य आणि २५५, २५५. चार आणि २५१, पुन्हा २५५. २२६ आणि २९, ७५ आणि १८०, तेच. म्हणजे उणे आकडा हा अधिक आकड्याचा पूर्ण उलटा केलेला छाप आहे. बाइट बिटांत लिहून बघ: जिथे एक होता तिथे शून्य, जिथे शून्य होतं तिथे एक. उणे चिन्ह "ठेवलेलं" नाहीये, ते पाचही बाइटांत मुरलेलं आहे. हे असं का केलं, तो खरा मुद्दा. पण त्याआधी अधिकवाला आकडा कसा बनला ते बघू.

दशांश चिन्ह त्या पाच बाइटांत कुठेही नाही. ते टेबलाच्या व्याख्येत आहे, तू डेसिमल(१०,२) लिहिलंस त्या दोनमध्ये. जुन्या चोपड्या पाहिल्या असशील तर कळेल. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले, त्याआधी रुपये, आणे, पै अशा तीन रकान्यांत रक्कम लिहीत. रेघा आधीच आखलेल्या, मुनीम फक्त आकडे भरायचा. मायएसक्यूएल तेच करतो. पूर्णांकाचा रकाना वेगळा, अपूर्णांकाचा वेगळा. ४ गुणिले २५६ अधिक २२६ म्हणजे १२५०, हा पहिला रकाना. ७५ हा दुसरा. दोघांचा मिळून १२५०७५ असा एक आकडा केलेला नाही, हे ध्यानात ठेव.

रकान्याची रुंदी ठरते ती नऊ-नऊ अंकांच्या गटांनी. नऊ अंकांचा गट चार बाइटांत बसतो, कारण चार बाइटांत ४२९ कोटींपर्यंत मोजता येतं आणि नऊ अंकी सगळ्यात मोठा आकडा शंभर कोटींना एक कमी. नऊपेक्षा कमी अंक उरले तर एक-दोन अंकांना एक बाइट, तीन-चारांना दोन, पाच-सहांना तीन, सात ते नऊला चार. पूर्णांकाचे गट दशांश चिन्हापासून डावीकडे पाडतात, अपूर्णांकाचे उजवीकडे. तुझ्या (१०,२) मध्ये पूर्णांकाचे आठ अंक, म्हणजे चार बाइट. अपूर्णांकाचे दोन, म्हणजे एक. झाले पाच. ही पद्धत मायएसक्यूएल ५.०.३ पासूनची. त्याआधी डेसिमल सरळ अक्षरांच्या ओळीसारखा साठवायचे, प्रत्येक अंकाला एक बाइट.

आठ अंक म्हटलं, ते पुन्हा वाच. डेसिमल(१०,२) म्हणजे दशांशाआधी दहा आणि नंतर दोन असं अनेकांना वाटतं. तसं नाही. एकूण दहा, त्यांतले दोन उजवीकडे. तुझ्या कॉलमात ९,९९,९९,९९९.९९ च्या पुढे काही मावणार नाही, दहा कोटी झाले की संपलं. एका ठेवीदाराला पुरेल, संस्थेच्या एकूण ठेवींच्या बेरजेला कदाचित नाही. आणि स्ट्रिक्ट मोड (न मावणारा आकडा नाकारणारी सेटिंग) बंद असेल तर एरर येत नाही, गुपचूप ९९९९९९९९.९९ साठवून नुसती वॉर्निंग मिळते, जी कोणी वाचत नाही. गंमत बघ: (११,२) केलंस तरी पाचच बाइट लागतात, कारण नऊ अंक त्याच चार बाइटांत बसतात. एक अंक फुकट. (१२,२) ला मात्र सहा.

दोन अंकांना एक अख्खा बाइट हे उधळपट्टीचं वाटेल. बाइटात २५५ पर्यंत मावतं, आपण ९९ वर थांबतो. पण प्रत्येक गटाचं गणित कर: ९९ हे १२८ च्या आत, ९९९९ हे ३२७६८ च्या आत, नऊ नऊवाला आकडा दोन अब्जांच्या बराच आत. कोणताही गट घे, त्याचा सगळ्यात डावा बिट कायम रिकामा राहतो. पहिल्या गटाचा तो रिकामा बिट चिन्हासाठी वापरतात. वेगळा बाइट द्यावा लागत नाही.

आणि इथे तुझा गोंधळ झाला असणार. पुस्तकात शिकवतात की चिन्हाचा बिट एक म्हणजे उणे. इथे उलट आहे: अधिक आकड्याचा डावा बिट एक, म्हणून पहिला बाइट शून्याऐवजी १२८ दिसतो. उणे असेल तर त्यानंतर सगळेच्या सगळे बिट उलटवतात.

आता कारण. इंडेक्समध्ये आकडे क्रमाने लावलेले असतात, आणि इनोडीबीला (मायएसक्यूएलचा डिस्कवर डेटा ठेवणारा भाग) ते डेसिमल आहेत हे कळायची गरजच पडू नये अशी सोय केलेली आहे. तो दोन नोंदींचे बाइट डावीकडून उजवीकडे एकेक करून ताडतो, शब्दकोशातले शब्द लावावेत तसा. पहिला वेगळा बाइट ज्याचा मोठा, तो मोठा. विषय संपला. अशा तुलनेत उणे आकडे आपोआप खाली जावेत म्हणून अधिकाला डावीकडे एक दिला: अधिक सगळे १२८ पासून वर, उणे सगळे १२७ पासून खाली.

पण तेवढ्याने भागत नाही. उण्यांच्या आत क्रम उलटा असतो. यावल-रावेरकडच्या विहिरी आठव. जमिनीवर उभा राहून मोजलंस तर दीडशे फुटांवरचं पाणी शंभर फुटांवरच्या पाण्यापेक्षा खाली असतं; आकडा मोठा, जागा खालची. −१२५०.७५ हा −३ पेक्षा असाच लहान. नुसता चिन्हाचा बिट बदलला असता तर बाइटांच्या तुलनेत १२५० मोठा ठरून वर चढला असता. सगळे बिट उलटवले की मोठं ते लहान होतं आणि लहान ते मोठं. −३.०० चे बाइट होतात १२७, २५५, २५५, २५२, २५५. तुझ्या −१२५०.७५ शी ताड: तिसऱ्या बाइटावर २५५ विरुद्ध २५१. −३ वर, −१२५०.७५ खाली. बरोबर.

तुझ्या पतसंस्थेला याचा रोजचा उपयोग आहे. 'बाकी शून्यापेक्षा कमी' अशी खाती काढायची तर इंडेक्समध्ये ती सगळी एकाच पट्ट्यात, सलग, सगळ्यात मोठ्या देणेकऱ्यापासून क्रमाने बसलेली असतात. सुरुवातीपासून वाचत जायचं आणि १२८ लागला की थांबायचं.

टूज कॉम्प्लिमेंट का नाही, तर ती सोय प्रोसेसरची आहे. अधिक-उणे दोघांची बेरीज एकाच सर्किटने व्हावी म्हणून ती. डेसिमलची बेरीज प्रोसेसर थेट करतच नाही. मायएसक्यूएल डिस्कवरचे हे बाइट उलगडून नऊ-नऊ अंकांच्या पूर्णांकांची रांग बनवतो, चिन्ह बाजूला वेगळं ठेवतो, आणि आपण वहीत हातचे घेत करतो तशी बेरीज करतो. म्हणजे मेमरीत चिन्ह वेगळं, डिस्कवर मुरलेलं. साध्या इंट कॉलमात टूज कॉम्प्लिमेंट आहे, पण तिथेही इनोडीबी डिस्कवर लिहिताना डावा बिट उलटवतो आणि मोठा बाइट आधी ठेवतो. −१ फाइलमध्ये १२७, २५५, २५५, २५५ असा दिसेल. कारण तेच, क्रम.

सगळं उलटवण्याच्या पद्धतीत एक खोट असते: शून्य दोन होऊ शकतात. १२८ आणि मागे सगळी शून्यं हे एक, १२७ आणि मागे सगळे २५५ हे दुसरं, 'उणे शून्य'. दोन्ही साठवले गेले तर 'बाकी = ०' विचारल्यावर निम्मी खाती सापडायची नाहीत. म्हणून शून्याला उणे चिन्ह चिकटलेलं असेल तर ते साठवण्याआधी पुसावं लागतं. फ्लोटमध्ये, म्हणजे दशांश आकडे अंदाजे साठवणाऱ्या प्रकारात, उणे शून्य खरोखर असतं, तो वेगळा वैताग.

सगळे डेटाबेस असंच करत नाहीत, आणि ते बघितलं की मायएसक्यूएलची पद्धत जास्त कळते.

चाळीसगावजवळ पाटण्याला, पाटणादेवीच्या परिसरात, एक शिलालेख सापडला आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तिथे मठ काढला, त्याचा तो लेख. भास्कराचार्यांच्या बीजगणितात ऋण संख्या दाखवायला आकड्याच्या डोक्यावर टिंब देतात. आकडा तोच, टिंब आहे की नाही एवढाच फरक. पोस्टग्रेस आणि एसक्यूएल सर्व्हर याच टिंबवाल्या परंपरेतले.

पोस्टग्रेसचा न्यूमरिक दहा हजारांच्या पटीत मोजतो. चार-चार अंकांचा एक गट, प्रत्येकी दोन बाइट. १२५०.७५ चे गट दोन: १२५० आणि ७५००. गट दशांश चिन्हापासून पाडतात म्हणून ७५ चं ७५०० झालं. गटांच्या आधी छोटा मथळा असतो, त्यात तीन गोष्टी: चिन्ह, पहिल्या गटाचं वजन, आणि दाखवायचे दशांश किती. उणे केलं की मथळ्यातला एक बिट बदलतो, बाकी सगळं जसंच्या तसं. दशांश चिन्ह इथे कॉलमच्या व्याख्येत नाही, प्रत्येक आकडा ते स्वतःबरोबर बाळगतो. म्हणून पोस्टग्रेसमध्ये नुसता न्यूमरिक लिहून मर्यादा न घालताही चालतं, दशांशाआधी १,३१,०७२ अंकांपर्यंत. किंमत अशी की बाइट नुसते ताडून क्रम लागत नाही. प्रत्येक तुलनेला आधी चिन्ह, मग वजन, मग गट बघणारं फंक्शन चालवावं लागतं. शून्याचं उणे मात्र पोस्टग्रेस पुसूनच ठेवतो.

एसक्यूएल सर्व्हरने चिन्हाला अख्खा बाइट दिलाय: एक म्हणजे अधिक, शून्य म्हणजे उणे. पुढे दशांश काढून टाकलेला एकच पूर्णांक, लहान बाइट आधी. तुझे १२५०.७५ तिथे डेसिमल(९,२) मध्ये १, १४७, २३२, १, ० असे बसतात. १४७ अधिक २३२ गुणिले २५६ अधिक ६५५३६ केलंस की १२५०७५ येतात. उणे केलं की पहिल्या एकाचं शून्य. इथे मायएसक्यूएलची सवय चालत नाही: नऊ अंकांपर्यंत पाच बाइट, दहावा अंक आला की थेट नऊ बाइट. (९,२) आणि (१०,२) मधला फरक तिथे खरोखर खिशाला लागतो. आमच्याकडच्या एका जिनिंगच्या वजनकाट्याच्या नोंदी मी त्यासाठीच नऊ अंकांत बसवल्या होत्या. क्विंटलमध्ये वजन, तीन दशांश, पूर्णांकाला सहा अंक. एका गाडीच्या कापसाला रग्गड.

जुन्या मेनफ्रेमवर, डीबी२ मध्ये, पॅक्ड डेसिमल असतो. एका बाइटात दोन अंक, आणि सगळ्यात शेवटचा अर्धा बाइट चिन्हाचा. हेक्समध्ये उघडलं की आकडा सरळ वाचता येतो आणि शेवटी सी किंवा डी दिसतं. सी म्हणजे अधिक, डी म्हणजे उणे. क्रेडिटचा सी, डेबिटचा डी असं लक्षात ठेवतात. एखाद्या बँकेच्या जुन्या फाइलचं रूपांतर करायची वेळ आली तर हे उपयोगी पडेल, नाहीतर विसर.

ओरॅकल मात्र मला सगळ्यात आवडतो. तिथे शंभराच्या पटीत मोजतात, आणि डम्प नावाचं फंक्शन बाइट थेट दाखवतं, हेक्स एडिटर लागत नाही. १२५०.७५ चे होतात १९४, १३, ५१, ७६. पहिला बाइट घाताचा: १९३ मध्ये शंभराचा घात मिळवायचा, इथे एक. मग १२, ५० आणि ७५, प्रत्येकात एक मिळवून. उण्याचे होतात ६१, ८९, ५१, २६, १०२. पहिल्या बाइटांची बेरीज २५५, हे ओळखीचं. पुढच्या अंकांची १०२: १३ आणि ८९, ५१ आणि ५१, ७६ आणि २६. अधिकात एक मिळवतात, उण्यात १०१ मधून वजा करतात. ५० दोन्हीकडे ५१ च होतो, तो बरोबर मध्यावर बसलाय.

पण उण्याच्या शेवटी तो जास्तीचा १०२ कशाला? ओरॅकलचे आकडे लांबी बदलणारे असतात, मायएसक्यूएलसारखे ठराविक रुंदीचे नाहीत. आता −१२५० आणि −१२५०.७५ ताड. १०२ नसता तर −१२५० चे बाइट ६१, ८९, ५१ एवढेच, आणि −१२५०.७५ चे ६१, ८९, ५१, २६. शब्दकोशाच्या नियमाने आखूड आधी येतो: 'केळ' आधी, 'केळकर' नंतर. म्हणजे −१२५० लहान ठरला असता, आणि ते चूक आहे. तो मोठा आहे. शेवटी १०२ लावला की चौथ्या बाइटावर १०२ विरुद्ध २६ अशी गाठ पडते आणि −१२५० वर जातो. कोणताही उणे अंक जास्तीत जास्त १०१ होतो, त्यामुळे १०२ समोर आला की तो जिंकणारच. अधिक आकड्यांत आखूड तो लहान हे आपोआप खरं असतं, तिथे शेपूट लागत नाही. आणि शून्य? एकच बाइट, १२८, सगळ्या उण्यांच्या वर आणि सगळ्या अधिकांच्या खाली. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी भर दुपारी, मे महिन्यात, लाइट गेलेली असताना कागदावर तासभर आकडे ताडत बसलो होतो.

आता रूममेटचा सल्ला. रकमेचे पैसे करून पूर्णांकात ठेवणं ही वाईट पद्धत नाही. वर बघितलंस ना, एसक्यूएल सर्व्हर आतून तेच करतो. आणि मोबाइल ॲपमध्ये एसक्यूलाइट वापरत असशील तर दुसरा चांगला मार्गच नाही. तिथे डेसिमल(१०,२) लिहिलंस तर तक्रार न करता घेतो, पण आतून १२५०.१० ला फ्लोट करून ठेवतो. नाव डेसिमल, आत फ्लोट.

फ्लोटचं वेगळं सांगायला नको, पण एक आकडा पाठ कर: १,३१,०७२. चार बाइटांच्या फ्लोटमध्ये या रकमेच्या पुढे दोन शेजारच्या आकड्यांतलं अंतर एका पैशापेक्षा जास्त होतं, एकाच्या चौसष्टाव्या भागाएवढं. म्हणजे सव्वा लाखाच्या जरा पुढे गेलं की काही पैसे अस्तित्वातच नसतात. पतसंस्थेतली साधी मुदत ठेव याच्या वर असते.

पूर्णांकाची अडचण साठवण्यात नाही, दाखवण्यात आहे. एका सराफाच्या कारागीर-खात्याचं ॲप आम्ही केलं होतं. सोनं मिलिग्रॅममध्ये पूर्णांकात. दुकानाने कारागिराला दिलं ते अधिक, त्याने दागिना करून परत दिलं ते उणे. दाखवताना हजाराने भागून ग्रॅम, बाकी उरेल ते मिलिग्रॅम. −१२३५० ला भागलं तर −१२ आणि बाकी −३५०. बाकीचं चिन्ह काढून −१२.३५० असं छापलं. चाचणीत पास. सहा महिन्यांनी एका कारागिराचा हिशोब जुळेना. त्याची बाकी होती −३५०. हजाराने भागलं की शून्य, आणि शून्याला चिन्ह नसतं. कागदावर आलं ०.३५०. दुकानाने त्याला साडेतीनशे मिलिग्रॅम देणं होतं, ॲप म्हणत होतं त्याच्याकडून घेणं आहे. डेटाबेसमध्ये आकडा बरोबर होता, पहिल्या दिवसापासून. चूक माझ्या दोन ओळींत होती. त्या कारागिराने स्वतःची वही काढून दाखवली तेव्हा माझ्याकडे बोलायला काही नव्हतं.

तेच पायथनमध्ये केलं असतं तर वेगळंच दिसलं असतं, कारण तिथे पूर्णांकाचा भागाकार खालच्या बाजूला जातो: −३५० भागिले हजार −१, बाकी ६५०, आणि छापलं असतं −१.६५०. जावा, सी वगैरे शून्याच्या दिशेने काटतात. म्हणून कोणत्याही भाषेत क्रम असाच ठेव: चिन्ह आधी बाजूला काढायचं, मग निव्वळ आकड्याचे तुकडे करायचे, मग चिन्ह पुढे जोडायचं.

दुसरी अडचण पूर्णांकाची असो की डेसिमलची, दोन्हीकडे आहे: राउंडिंग. मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेस दोघेही अर्ध्यावर आले की शून्यापासून लांब जातात. −१२५०.५० चे −१२५१. जावास्क्रिप्टचं राउंड अर्ध्यावर नेहमी वरच्या बाजूला जातं, म्हणून −१२५०.५० चे −१२५०. पायथन आणि सीशार्प मुळातच जवळच्या सम आकड्याकडे जातात. बिल १२५१ चं, मालाच्या परतीची क्रेडिट नोट −१२५० ची, आणि ग्राहकाच्या खात्यावर एक रुपया कायमचा लटकलेला. रुपया कोणी मागत नाही, पण ऑडिटर विचारतो. राउंडिंग एकाच ठिकाणी कर, शक्यतो डेटाबेसमध्येच, आणि स्क्रीनला तयार आकडा दे.

तुझ्या कामात तिसरी गोष्ट येईल, ती म्हणजे व्याज. १२५०.७५ वर नऊ टक्क्यांनी एका दिवसाचं व्याज ०.३०८४ रुपये. रोज ते दोन दशांशांवर, म्हणजे ०.३१ करून ठेवलंस तर वर्षाचे ११३.१५ होतात. खरे ११२.५७. एका खात्यात अठ्ठावन्न पैसे जास्त. म्हणून रोजच्या व्याजाचा कॉलम रकमेपेक्षा वेगळा हवा, (१८,८) सारखा, आणि राउंड एकदाच, व्याज जमा करताना. मायएसक्यूएल भागाकारात पहिल्या आकड्याच्या दशांशांवर फक्त चार जास्त देतो, हे ध्यानात असू दे. दोन दशांशांच्या रकमेला सहाच मिळतील. आठ हवे असतील तर आधी रक्कम रुंद डेसिमलमध्ये बदल, मग भाग. पैशांच्या पूर्णांकात हे सगळं तुला हाताने करावं लागेल, आणि कोणत्या कॉलमात शंभरने गुणलंय, कोणत्यात दहा कोटींनी, हे फक्त तुझ्या डोक्यात राहील. तू नोकरी सोडलीस की तेही जाईल.

म्हणून मायएसक्यूएलवर आहेस तोवर डेसिमलच ठेव, फक्त (१०,२) चं (११,२) कर. 'अनसाइन्ड' लावू नकोस. डेसिमलला त्याने जागा वाचत नाही की मर्यादा वाढत नाही, फक्त उणे नाकारले जातात, आणि ८.०.१७ पासून ती सोय मोडीत काढायची म्हणून जाहीरही केली आहे. नोड (सर्व्हरवरचं जावास्क्रिप्ट) वापरत असशील तर डेटाबेसशी जोडणारा ड्रायव्हर डेसिमल तुला अक्षरांच्या रूपात देतो, तेही फ्लोट होऊ नये म्हणूनच. अशा दोन बाक्यांमध्ये अधिकचं चिन्ह टाकलंस तर बेरीज न होता १२५०.७५१०.०० असं काहीतरी येईल. असं आलं की घाईघाईने पार्सफ्लोट (अक्षरांचा फ्लोट करणारं फंक्शन) लावू नकोस, बेरीज क्वेरीतच करून घे.

आणि चाचणीच्या टेबलात −१२५०.७५ बरोबर −०.५० ची एक नोंद टाक. पासबुक छापून बघ, चिन्ह येतंय का ते.